पट्टीवर रेघा तर आल्या, मग अळी का मेली नाही? बीटी कापूस, गुलाबी बोंडअळी आणि एका भोकाचं प्रकरण

२०१७ च्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, काळी जमीन, कोरडवाहू, नजर जाईल तिथपर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कापूस. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी काकाजी मला शेतात घेऊन गेले आणि काही न बोलता एक हिरवं बोंड तोडून हातात दिलं. वरून चांगलं टणक, भोक नाही, डाग नाही. म्हणाले, "फोड." अंगठ्यानं दाबून फोडलं तर कप्प्यांच्या मधल्या पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक, एका कप्प्यातला कापूस पिवळा पडून चिकटलेला, आणि सरकीच्या पोटात डोकं खुपसून बसलेली गुलाबी अळी, जेमतेम सेंटीमीटरभर. दुसरं फोडलं, तेच. तिसरं चांगलं निघालं, चौथ्यात दोन अळ्या.

"तू तं बायोटेक शिकला ना बाबू," काकाजी म्हणाले, "मंग मले सांग, पाकिटावर तं लिवलं हाये का याच्यात अळी मारायचं इष हाये. मंग हे अळी कायले मरून नाई राह्यली?"

आता खरं सांगायचं तर मला तेव्हा अर्धवट उत्तर माहीत होतं आणि अर्धवट उत्तर शेतात उभं राहून द्यायची हिंमत झाली नाही. पुण्याला परत आल्यावर वाचत बसलो, दोन-चार जणांना विचारलं, नोव्हेंबरात परत गेलो, आणि जे कळलं ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवतोय, कारण गावात तेव्हा आणि आजही एकच उत्तर चालतं, "बियाणं बोगस होतं". बोगस बियाणं असतं, नाही असं नाही. पण या शेतातलं प्रकरण ते नव्हतं.

आधी बियाण्याची झडती

बियाणं खरंच बोगस आहे का हे बघायला एक सोपी पट्टी मिळते, दिसायला साधारण प्रेग्नन्सी टेस्टसारखीच. पानाचा छोटा गोल तुकडा घ्यायचा (छोट्या नळीच्या झाकणानं पान दाबलं की टिकलीएवढा तुकडा आपोआप कापला जातो), नळीत घालून काडीनं रगडायचा, थोडं द्रावण टाकायचं, आणि पट्टी उभी करायची. हिरवं पाणी हळूहळू वर चढतं. सगळ्यात वरची रेघ कंट्रोलची, ती आली म्हणजे पट्टी चालते एवढंच. खालच्या दोन रेघा क्राय१एसी आणि क्राय२एबी या दोन प्रोटीनच्या, पाकिटावरचं अळी मारायचं विष ते हेच. मी शेताच्या चार कोपऱ्यातून आणि मधून पानं घेतली, मेढीला टेकून बसलो आणि एकेक पट्टी लावत गेलो. काकाजी, शेजारचे दोघंतिघं, सगळे वाकून बघतायत. तिन्ही रेघा आल्या. सगळ्या पट्ट्यांवर.

एकजण म्हणाला पट्टीच बोगस असंन. हसलो सगळे, पण शंका रास्तच होती, म्हणून काकूनं परसात लावलेल्या भेंडीचं पान पण रगडून बघितलं, त्यात फक्त कंट्रोलची रेघ आली. म्हणजे पट्टी खरं बोलत होती.

आणि एक गोष्ट तर पट्टीशिवायही दिसत होती, फक्त आमचं कुणाचंच तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. पूर्वी ज्या अळीनं विदर्भाला रडवलं ती हिरवी, अमेरिकन बोंडअळी, ती या अख्ख्या शेतात दिसली नाही. तेच झाड, तीच दोन विषं, हिरवी अळी नाही आणि गुलाबी मजेत. विष नसतंच तर दोघीही दिसायला पाहिजे होत्या. म्हणजे प्रश्न "विष आहे का" हा नव्हताच, प्रश्न होता की विष पोटात गेल्यावर गुलाबी अळीच्या बाबतीत नेमकं काय घडत नाहीये.

ते विष नाहीच तसं, ते भोक पाडायचं यंत्र आहे

इथे थोडं मागे जावं लागेल. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हा मातीतला साधा बॅक्टेरिया. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो रेशमाचे किडे पटापट मरत होते त्या रोगात सापडला, आणि पुढे जर्मनीत बर्लिनर यांनी पिठातल्या पतंगाच्या अळीतून वेगळा केला, तो थुरिंजिया प्रांतातला म्हणून हे नाव. हा बॅक्टेरिया बीजाणू करताना सोबत प्रोटीनचा एक स्फटिक तयार करतो. क्रिस्टलवरून "क्राय". या प्रोटीनचा जीन कापसात घातला, तोच बीटी कापूस.

आपण औषध म्हणून जे फवारतो त्यातली बरीचशी किडीच्या मज्जासंस्थेवर काम करतात. क्राय प्रोटीनचा मेंदूशी, नसांशी काही संबंध नाही. ते आतड्याच्या पेशीच्या पडद्याला भोक पाडतं. बस एवढंच करतं. अशा प्रोटीनचं खूप मोठं खानदान आहे, पोर-फॉर्मिंग टॉक्सिन म्हणतात त्यांना, आणि त्यातले बरेच माणसाच्या वाईटावर असतात. गळू करणारा स्टॅफिलोकॉकस जे अल्फा-हिमोलायसिन सोडतो त्याचे सात तुकडे गोल बसून पेशीत नळी ठोकतात. न्यूमोनियाच्या जंतूचं न्यूमोलायसिन तर तीस-चाळीस तुकड्यांचं कडं करून एवढं मोठं भगदाड पाडतं की त्यातून प्रोटीनचे प्रोटीन वाहून जातील, आणि त्याला पडद्यात कोलेस्टेरॉल लागतं. क्राय त्या मानानं छोटा खेळाडू, त्याचं भोक एक-दोन नॅनोमीटरचं, आपल्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास धरा म्हणजे अंदाज येईल.

पण गंमत अशी की ही सगळी प्रोटीनं सुरुवातीला पाण्यात विरघळणारी, सरळमार्गी असतात. पेशीचा पडदा म्हणजे तेलाचा थर. पाण्यात राहणारी वस्तू तेलात शिरायची असेल तर तिला स्वतःचं रूप बदलावं लागतं, आतली तेलकट बाजू बाहेर काढावी लागते, आणि ती योग्य जागी योग्य वेळीच काढावी लागते, नाहीतर वाटेतच गोळा होऊन वाया जाईल. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एक कुलूप असतं. क्राय१एसीची कुलपं कुठली ते बघितलं की काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप सापडतं.

पहिलं कुलूप आतड्यातलं. पूर्ण लांबीचं क्राय१एसी साधारण १३० किलोडाल्टनचं (प्रोटीनच्या वजनाचं माप), या अवस्थेत ते निरुपद्रवी असतं. पतंगवर्गातल्या अळ्यांचं आतडं आपल्या उलटं, आपलं पोट आंबट आणि त्यांचं खारं म्हणजे अल्कधर्मी, पीएच ९ च्या वर. त्या खाऱ्या पाण्यात अळीची स्वतःचीच पचनाची एन्झाइम या प्रोटीनला दोन्ही बाजूंनी कातरतात आणि ६०-६५ किलोडाल्टनचा चिवट गाभा उरतो. अळी स्वतःच्या दातानं फटाक्याची वात सोलते म्हणा ना. माणसाच्या पोटात हे प्रोटीन आम्लात जातं, पचतं, आणि पुढचं कुलूप उघडायला जो कडीकोयंडा लागतो तो आपल्या आतड्यात नाहीच.

या गाभ्याचे तीन भाग. पहिल्या भागात सात हेलिक्सची (स्प्रिंगसारख्या वळणदार दांड्यांची) मोळी, सहा बाहेरून आणि पाचव्या नंबरची बरोबर मधोमध लपलेली, तेलकट. पडद्यात घुसायचं काम या भागाचं. दुसरा आणि तिसरा भाग ओळख पटवायचे. ही रचना पहिल्यांदा १९९१ मध्ये भुंगेऱ्यांवर चालणाऱ्या क्राय३ए या भावंडाची दिसली, आणि ती बघूनच लोकांच्या लक्षात आलं की मधली लपलेली हेलिक्स म्हणजे सुरी आहे, म्यानात ठेवलेली.

दुसरं कुलूप खरं महत्त्वाचं. आतड्याच्या पेशींना आतल्या बाजूनं ब्रशसारखे केस असतात, अन्न शोषायला. त्या केसांच्या पडद्यावर बरीच प्रोटीनं उभी असतात, त्यातलं एक कॅडहेरिन. क्रायचा गाभा आधी तिथल्याच दुसऱ्या, भरपूर संख्येनं असणाऱ्या प्रोटीनना (अमायनोपेप्टिडेज, अल्कलाइन फॉस्फटेज) सैलसर चिकटतो, बाजारात गर्दीत आपण याच्या त्याच्या खांद्याला लागत पुढे सरकतो तसा, आणि मग कॅडहेरिनला घट्ट धरतो. धरला की त्याची पहिली हेलिक्स उघडी पडते आणि एन्झाइम ती तोडतात. ही एक हेलिक्स गेली की अडसर निघतो, मग असे चार गाभे एकमेकांना चिकटून चौकडी बनते. मेक्सिकोत कुएर्नावाका इथे अलेहांद्रा ब्राव्हो आणि मारिओ सोबेरॉन यांच्या लॅबनं या टप्प्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय.

चौकडी झाली की ती परत अमायनोपेप्टिडेजकडे जाते, आता मात्र घट्ट धरते, आणि ते प्रोटीन पडद्याच्या जाडसर, कोलेस्टेरॉलसारख्या स्टेरॉलनं भरलेल्या बेटांवर बसलेलं असतं, तिथे चौकडी पडद्यात शिरते. शिरताना छत्री उघडल्यासारखं होतं असं एक मॉडेल आहे, चौथी-पाचवी हेलिक्स दांड्यासारखी आत जाते आणि बाकीच्या काड्यांसारख्या पडद्यावर पसरतात. मला ते चित्र आवडतं, पटतंही. काही जण म्हणतात की भोक वगैरे दुय्यम आहे, कॅडहेरिनला धरल्यावर पेशीच्या आत सिग्नल जातो आणि पेशी स्वतःच मरते, २००६ च्या आसपास हा वाद चांगलाच रंगला होता. माझं मत भोकाच्या बाजूनं, आणि का ते खाली येईलच.

भोक पडल्यावर काय? अळीच्या आतड्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, तिथल्या पेशी सतत ते पंप करून बाहेर टाकत असतात, बाहेर-आतचा फरक टिकवण्यावरच त्यांचं सगळं शोषण चालतं. एक-दोन नॅनोमीटरच्या भोकातून आयन आणि पाणी फुकट ये-जा करायला लागलं की तो फरक मोडतो, मोठी प्रोटीनं आतच अडकलेली म्हणून पाणी आत ओढलं जातं, पेशी रात्री भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगते आणि शेवटी फुटते. हजारो पेशींचं असं झालं की आतड्याची भिंतच गळायला लागते. अळी खायची थांबते, आणि मग उपासानं किंवा आतड्यातले जंतू रक्तात शिरून दोन-चार दिवसांत मरते. फवारणीसारखी तडफडून पडत नाही. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत लोकांना वाटायचं काही झालंच नाही, आणि मग दिसायचं की पानं शाबूत आहेत.

मग काकाजींच्या बोंडात काय बिघडलं

विष होतं, आतडं खारं होतं, कातरणारी एन्झाइम होती. बिघडला होता तो कोयंडा, म्हणजे कॅडहेरिन.

हे पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ॲरिझोनाच्या गुलाबी बोंडअळीत. तिथे लॅबमध्ये बीटीवर वाढवलेल्या अळ्यांमध्ये २००३ साली कॅडहेरिनच्या जीनमधले तीन बिघाड दाखवले गेले. जीनमध्ये तुकडा गळालेला, त्यामुळे कॅडहेरिन अर्धवट बनतं किंवा नीट जागेवर पोचत नाही. पडद्यावर धरायला काही नाही, मग पहिली हेलिक्स तुटत नाही, चौकडी बनत नाही, सुरी म्यानातच राहते आणि प्रोटीन विष्ठेवाटे बाहेर. आता वर जो वाद म्हटला त्याची गोष्ट: सोबेरॉन, ब्राव्हो आणि मंडळींनी २००७ मध्ये पहिली हेलिक्स आधीच कापून टाकलेलं क्राय बनवलं, म्हणजे कॅडहेरिनची गरजच राहू नये असं, आणि ते या प्रतिकारक गुलाबी अळ्यांना दिलं. मेल्या. कॅडहेरिनमधून जाणारा सिग्नलच जर मारत असता तर कॅडहेरिन बिघडलेल्या अळ्या मरायचं काही कारण नव्हतं. माझ्या दृष्टीनं वाद तिथे बऱ्यापैकी मिटतो.

भारतातल्या अळ्यांचं काय? बीटी कापसाला आपल्याकडे मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, तो एकट्या क्राय१एसीचा, लोक त्याला बीजी-१ म्हणतात. २००९ च्या हंगामात गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी त्याला दाद देत नाही हे मोन्सँटो कंपनीनं २०१० मध्ये जाहीर केलं. भारतातल्या शेतातून गोळा केलेल्या प्रतिकारक अळ्यांचं कॅडहेरिन २०१४ मध्ये तपासून छापलं गेलं, तर ॲरिझोनासारखे दोन-तीन ठरावीक बिघाड नाहीत, आठ नवे, आणि त्यात एकाच जीनचा संदेश वेगवेगळ्या जागी चुकीचा कापला-जोडला जाऊन १९ तऱ्हेच्या मोडक्या प्रती निघालेल्या. कुलूप एकच, पण मोडायच्या तऱ्हा प्रत्येक अळीच्या वेगळ्या. हे वाचल्यावर मी जरा गप्पच झालो. मोडायला अक्कल लागत नाही, बनवायला लागते.

काकाजींच्या शेतातल्या अळीचा जीन मी काही वाचलेला नाही, ती सोय माझ्याकडे नव्हती. पण अळी, पीक, प्रदेश, वर्ष, आणि पट्टीवरच्या रेघा हे सगळं त्याच गोष्टीत चपखल बसतं.

तुम्ही म्हणाल पण काकाजींचं बियाणं बीजी-२, त्यात तर दोन विषं आहेत, दुसऱ्याचं काय झालं? बरोबर प्रश्न. क्राय२एबी वेगळ्या कोयंड्याला धरतं, त्यात एबीसीए२ नावाचं ट्रान्सपोर्टर (पडद्यापार माल नेणारं) प्रोटीन लागतं, कॅडहेरिनचा संबंध नाही. म्हणून दोन विषं एकत्र ठेवायची कल्पना मुळात चांगलीच होती, एक कोयंडा मोडलेली अळी दुसऱ्यावर मरेल, दोन्ही मोडलेली अळी लाखात एखादी. पण हे गणित दोन्ही विषं ताजी असताना चालतं. बीजी-२ आपल्याकडे २००६ ला आलं तेव्हा बीजी-१ शेतात होतंच आणि पुढेही काही वर्षं शेजारी शेजारी राहिलं, त्या एकट्या विषावर अळ्या कॅडहेरिन मोडायचा सराव करत राहिल्या. कॅडहेरिन मोडलेल्या अळीला बीजी-२ म्हणजे काय, एकच विष. दोन पायांची शिडी म्हणून टेकवली आणि एक पाय आधीच किडलेला. २०१४-१५ पर्यंत गुजरातेत बीजी-२ च्या बोंडांतही गुलाबी अळी जिवंत सापडायला लागली, आणि २०१७ ला आमच्याकडे तर काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. क्राय२एबीला दाद न देणाऱ्या अळ्यांत, लॅबमधल्या आणि आपल्याकडच्या शेतातल्याही, एबीसीए२ चा संदेश चुकीचा जोडला जातो हे २०१८ मध्ये छापून आलं.

हिरव्या अळीचं असं का नाही झालं? ती तूर, हरभरा, टमाटे, शंभर ठिकाणी जेवते, तिच्या बऱ्याच पोरी बीटी न खाता वाढतात आणि प्रतिकारक अळ्यांशी संकर करून हिशोब बिघडवत राहतात. गुलाबी बाई एकनिष्ठ, कापूस सोडून जवळपास काही खात नाही. १८४० च्या दशकात तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं तेच मुळी भारतातल्या कापसावरच्या नमुन्यांवरून. घरचीच आहे ती.

सोळातली एक सरकी

आता जे सांगतो ते मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकलेलं. आपल्याकडे बीटी जीन सरळ वाणात नाही, संकरित बियाण्यात आला. संकरित झाडात त्या जीनची एकच प्रत, कारण बहुतेकदा आई-बापातला एकच बीटी. झाड स्वतः विषारी, पान तपासलं तर रेघ येणार. पण त्या झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी. मेंडेलचा शाळेतला नियम, चारातली एक सरकी क्राय१एसीशिवाय. दोन जीन वेगवेगळे वाटले गेले तर सोळातली एक सरकी दोन्हीशिवाय. बोंडात तीसेक सरक्या धरल्या तर प्रत्येक बोंडात दोनेक सरक्या अळीसाठी साध्या वरणभातासारख्या, आणि बाकीच्यांमध्ये कुठे एक विष कुठे दोन्ही.

पानं खाणाऱ्या अळीला याचं काही नाही. पण गुलाबी अळी जगतेच सरकीवर. ती एका सरकीतून दुसरीत जाते, मध्ये कमी डोस, मध्ये शून्य डोस. कॅडहेरिनच्या जीनची एक प्रत शाबूत आणि एक मोडकी असलेली अळी, जी पूर्ण डोसवर मरायला पाहिजे होती, ती इथे तग धरते. शेताच्या कडेला बिगर-बीटी ओळ असणं वेगळं आणि त्याच बोंडात बिगर-बीटी सरकी असणं वेगळं. पहिल्यानं प्रतिकार मंदावतो, दुसऱ्यानं वाढतो. म्हणजे मी ज्या पट्टीवर एवढा विश्वास ठेवला ती पानाची पट्टी होती, आणि अळी पान खातच नव्हती.

भरीला विषाचं प्रमाण. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या लोकांनी २००५ मध्येच मोजून दाखवलं होतं की क्राय१एसी पानांत सर्वात जास्त आणि फुलाच्या बीजकोषात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वात कमी, आणि पेरणीनंतर ११० दिवसांनी ते मारक पातळीच्या खाली उतरतं. आमच्याकडे कापूस जूनमध्ये लागतो. ११० दिवस म्हणजे सप्टेंबर संपता संपता. गुलाबी अळीचा खरा धंदा ऑक्टोबरात सुरू होतो. भोक पाडायला चार गाभे जमावे लागतात, तेच कमी पडले तर चौकडी कुठून होणार.

आणि वर फरदड. पाणी असेल तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत पीक ठेवतो, आणखी दोन वेचण्या निघतील म्हणून. कमी झालेल्या विषावर अळीच्या आणखी दोन-तीन पिढ्या. मी हे काकाजींना सांगितलं तर म्हणाले, "तुह्या अळीले नाई पुरत म्हनून आमी फरदड नाई घ्यायची का? त्या पैशात हरभऱ्याचा खर्च निंगते." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फरदड ही आळसानं होत नाही, हिशोबानं होते.

रेफ्युजचं विचारलं. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी यायची, ती शेताच्या चारी बाजूंनी लावायची. तिथे साध्या अळ्या वाढाव्यात, शेतात वाचलेल्या एखाद्या प्रतिकारक अळीशी त्यांचा संकर व्हावा, आणि पिल्लांना निदान एक चांगला कोयंडा मिळून ती बीटीवर मरावीत. कॅडहेरिनचा बिघाड सुप्त असतो म्हणजे दोन्ही प्रती मोडल्या तरच अळी वाचते, म्हणून ही युक्ती कागदावर फार सुंदर. काकाजींनी ती पिशवी कुठे टाकली हे त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. "धुऱ्यावर मुद्दाम अळ्या पोसाले कोन लावते बाप्पा?" कोणी त्यांना कोयंड्याची गोष्ट सांगितलीच नव्हती, पिशवीवर बारीक अक्षरात सूचना होती फक्त. मी त्यांच्या जागी असतो तर मीही लावली नसती.

ॲरिझोनात हेच रेफ्युज शेतकऱ्यांनी लावलं, त्यामुळे लॅबमध्ये बिघाड सापडूनही शेतात प्रतिकार पसरला नाही, मग २००६ पासून बीटीसोबत नसबंदी केलेले पतंग विमानातून सोडले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. चीनमध्ये तर अजब झालं, यांगत्से खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी स्वस्त पडतं म्हणून संकरिताची दुसरी पिढी पेरली, त्यात चौथा हिस्सा झाडं आपोआप बिगर-बीटी, म्हणजे न ठरवता रेफ्युज, आणि तिथे अळीचा प्रतिकार उलट कमी झाला. तोच मेंडेल, तीन-एकचं तेच गणित, झाडात वाटलं गेलं तर औषध आणि बोंडात वाटलं गेलं तर रोग.

पुढे काय केलं

त्या हंगामात करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. अळी एकदा बोंडात शिरली की वरून काहीही मारा, तिला लागत नाही, भोक बंद होऊन जातं. तरी लोक मारत होते, दोन-दोन तीन-तीन औषधं मिसळून, आणि त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. आतड्यातलं एक भोक पडेना म्हणून. त्यावर जास्त लिहवत नाही.

काकाजींनी "जी" फॉर्म (बियाण्याच्या तक्रारीचा अर्ज) भरला, पंचनामा झाला, बियाणं विकणाऱ्यानं हात वर केले. वेचलेल्यातला बराच कवडी कापूस निघाला, त्याला भाव काय मिळणार. मी त्यांना दोनच गोष्टींसाठी गळ घातली. एक, डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढायची, फरदड नाही, आणि धुऱ्यावर ढीग लावून ठेवायची नाही. दोन, पुढच्या वर्षी मान्सूनच्या आधी लावायची नाही, आणि पेरणीनंतर दीड महिन्यात कामगंध सापळे लावायचे, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले किंवा शंभरातली दहा फुलं डोमकळ्या दिसल्या (पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल) तरच फवारणी. कोयंड्याला बायपास करणारं ते मेक्सिकोवालं प्रोटीन कापसाच्या पाकिटात मिळत नाही, तेव्हा अळीच्या पिढ्यांमध्येच खंड पाडणं एवढंच हातात.

पहिली गोष्ट ऐकायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी काकूनंच तोडगा काढला, की अर्ध्या शेतातली काढा आणि हरभरा टाका, अर्धी राहू द्या. मी म्हटलं अर्ध्यानं काही होत नाही, शेजारच्यानं ठेवली तरी पतंग येणारच. काकू म्हणाली, मग शेजारच्याला तू सांग.

जानेवारीत परत गेलो तेव्हा पूर्ण काढलेली होती. शेजाऱ्याची उभी होती. काकाजींच्या ओट्यावर सरकीचं पोतं पडलं होतं, त्यातल्या दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या म्हणून मी नखानं सुट्या केल्या. दोन्हीत पोकळी, आणि पोकळीत रेशमाच्या पातळ अस्तरात गुंडाळून एक अळी झोपलेली, पुढच्या पावसाची वाट बघत. काकाजींनी ती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि विचारलं, "हिचा कोयंडा मोडका असंन ना रे?" मी म्हटलं असणारच काकाजी, ऑक्टोबरातली वाचलेली आहे. मग त्यांनी पोतं उचललं आणि अंगणात ओतलं, आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत चिकटलेल्या सरक्या निवडत बसलो.